खासगी कुठली, दौलत कुठली : लिश्टेनश्टाइनच्या प्रिन्सवर अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

युरोपातल्या राजघराण्यावर प्रबंध लिहायचा असेल तर ब्रिटन सोडा. तिथे गर्दी आहे, आणि तिथला राजा सही करतो पण ठरवत काहीच नाही. राज्यकारभारात खरंच हात घालणारा आणि वर धंदाही बघणारा राजा हवा असेल तर लिश्टेनश्टाइनचे प्रिन्स हान्स-आडाम दुसरे यांच्याकडे वळा. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, पुढे ऑस्ट्रियात एम.ए. केलं, आणि या माणसाच्या कागदपत्रांत डोळे घालवले. अजूनही ‘फ्युर्स्ट’ (जर्मनमध्ये प्रिन्स) हा शब्द दिसला की कपाळावर आठी येते. तुमचं जर्मन बी-टूपर्यंत झालंय आणि हा देश नकाशात कुठे आहे ते ठाऊक आहे, असं धरून लिहितेय. व्हिसा, राहणं वगैरे इतरांनी भरपूर लिहिलंय.

चरित्राचा सांगाडा सोपा आहे. जन्म १९४५, झुरिक. सेंट गालनला व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र, १९६९ ला पदवी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घरच्या मालमत्तेचा कारभार अंगावर आला. १९८४ ला वडिलांनी राज्यकारभार सोपवला, १९८९ ला गादी, आणि २००४ पासून रोजचं काम थोरले चिरंजीव आलोइस बघतात. पदवीला विषय अर्थशास्त्र का, हे समजायचं तर १९४५ मध्ये जा. बोहेमिया-मोराव्हियातली घराण्याची जमीन चेकोस्लोव्हाकियाने जप्त केली. ती त्यांच्या अख्ख्या देशाच्या सुमारे दहापट होती. देश १६० चौरस किलोमीटरचा, त्यामुळे दहापट ऐकून फार दचकू नका. पण उत्पन्नाचा मोठा झरा आटला एवढं खरं. मग चित्रं विकायची वेळ आली. लिओनार्दोचं ‘जिनेव्रा दे बेंची’ १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला गेलं ते यातूनच. वाड्यात लिओनार्दो टांगलेला आणि हातात रोकड नाही, अशा घरात हा मुलगा वाढला.

आता मुख्य गोष्ट. इथे सावकाश वाचा, कारण माझं अख्खं एक प्रकरण यात गेलं.

‘लिश्टेनश्टाइनच्या प्रिन्सने अमुक केलं’ हे वाक्य लिहाल तेव्हा पेन खाली ठेवा. सही एकच असते, पण ती तीन वेगळ्या दप्तरांत सापडते. एक, राष्ट्रप्रमुख : १९२१ ची राज्यघटना, कायद्याला संमती, सरकार बरखास्त करण्याचा अधिकार. दोन, घराण्याचा कर्ता : त्यासाठी १९९३ चा घराण्याचा स्वतःचा कायदा आहे, वारसा कोणाला वगैरे तिथे ठरतं. तीन, मालमत्तेची बाजू : एलजीटी बँक, जंगलं, द्राक्षमळे, चित्रसंग्रह, आणि हे सगळं ज्याखाली येतं ते घराण्याचं फाउंडेशन. घराणं सरकारी तनख्यावर जगत नाही, स्वतःच्या धंद्यावर जगतं. होळकरांच्या इतिहासात खासगी (घराण्याची स्वतःची मालमत्ता) वेगळी आणि दौलत (राज्याची) वेगळी, हे आपल्याकडे शाळकरी अभ्यासकालाही कळतं. युरोपचा राजा समोर आला की मात्र तीच अक्कल आपण घरी ठेवून जातो.

उदाहरण घ्या. पीटर फान लार नावाच्या डच चित्रकाराचं सतराव्या शतकातलं एक चित्र आहे, रोमजवळच्या चुनाभट्टीचं. ते घराण्याचं, चेकोस्लोव्हाकियाने १९४५ नंतर घेतलेल्यांपैकी. १९९१ मध्ये ते उसनं म्हणून कोलोनच्या प्रदर्शनात आलं. हान्स-आडाम जर्मन न्यायालयात गेले : माझ्या वडिलांचं चित्र आहे, परत द्या. जर्मन न्यायालयांनी युद्धोत्तर करारावर बोट ठेवलं आणि खटला ऐकायलाच नकार दिला. मग ते स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १२ जुलै २००१ ला तिथेही हरले. त्याच चित्रावरून द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जर्मनीविरुद्ध आणखी एक खटला आहे, ज्यात २००५ मध्ये न्यायालयाने ‘आम्हाला अधिकारक्षेत्र नाही’ म्हटलं. तुम्ही काय लिहाल? ‘प्रिन्सने स्ट्रासबुर्गनंतर द हेगमध्ये अपील केलं.’ चूक. द हेगचा अर्ज १ जून २००१ चा आहे, म्हणजे स्ट्रासबुर्गच्या निकालाआधीचा. आणि तो प्रिन्सचा नाहीच, लिश्टेनश्टाइन या देशाचा आहे. स्ट्रासबुर्गमध्ये एक मुलगा वडिलांचं चित्र मागत होता. द हेगमध्ये एक देश आपल्या नागरिकांच्या मालमत्तेबद्दल भांडत होता. चित्र तेच, आडनाव तेच, दप्तर दुसरं.

आता त्याच स्ट्रासबुर्गमधला १९९९ चा विले खटला बघा. प्रशासकीय न्यायालयाचे अध्यक्ष विले यांनी एका व्याख्यानात घटनेचा असा अर्थ लावला की प्रिन्स आणि संसद यांच्यात वाद झाला तर घटना न्यायालय निवाडा देऊ शकतं. प्रिन्सने त्यांना पत्र लिहिलं : यापुढे कुठल्याही पदावर तुमची नेमणूक करणार नाही. वाचताना ते रागावलेल्या माणसाचं घरगुती पत्र वाटतं. न्यायालयाने ते राष्ट्रप्रमुखाची कृती धरलं आणि लिश्टेनश्टाइन हरलं. म्हणजे भाषेवरून, लेटरहेडवरून किंवा तुमच्या भावनेवरून दप्तर ठरत नाही. दरवेळी विचारायचं : हे करण्याचा अधिकार त्यांना कुठून आला? घटनेतून, घरच्या कायद्यातून, की मालकीतून? मी समासात पेन्सिलने १, २, ३ लिहिते. बालिश वाटेल, पण लिहा.

आणि जिथे दोन आकडे एकाच वेळी लिहावेसे वाटतात, तिथेच तुमचा प्रबंध आहे. १४ फेब्रुवारी २००८ ला, प्रिन्सच्या वाढदिवशी, जर्मन पोस्टाचे प्रमुख क्लाउस झुमविंकल यांच्या घरावर करचुकवेगिरीसाठी धाड पडली. एलजीटीच्या ट्रस्ट कंपनीतल्या एका माजी कर्मचाऱ्याने ग्राहकांची माहिती जर्मन गुप्तहेर खात्याला विकली होती. आलोइस जर्मनीवर तोफ डागायला उभे राहिले, तेव्हा ते देशाच्या वतीने बोलत होते की घरच्या बँकेच्या? पुढच्या वर्षी मार्चमध्ये देशाने करविषयक माहितीची देवाणघेवाण मान्य केली. ती कोणी कोणासाठी सोसलेली तडजोड? इथे उत्तर देण्याची घाई करू नका.

आपल्याकडच्या वाचकाला हा गोंधळ आधीच भेटलाय. १९९७ चं बासमतीचं अमेरिकन पेटंट आठवतंय? माशेलकरांनी हळदीचं पेटंट रद्द करवलं त्याच वर्षीचं. ते टेक्ससच्या राइसटेकचं, आणि राइसटेक याच घराण्याच्या मालकीची. ‘युरोपच्या राजाने आमचा तांदूळ पळवला’ असं आपण छातीठोक म्हणतो, पण भारताची लढाई अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात एका कंपनीशी झाली, लिश्टेनश्टाइनची राजधानी वाडुझ हिच्याशी नव्हे. वीस दाव्यांपैकी बहुतेक २००१ पर्यंत गळाले. तिसरं दप्तर, निव्वळ तिसरं.

राजकारणाबद्दल कमी लिहितेय, कारण त्यावर साहित्य भरपूर आहे. १९७० मध्ये पंचविशीतल्या या वारसाने भाषणात म्हटलं की देशाने स्वित्झर्लंडच्या पाठीवरच्या पिशवीतून उतरावं. १९९० ला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश, १९९५ ला युरोपीय आर्थिक क्षेत्रात. मधल्या ऑक्टोबर १९९२ ची भानगड जरूर वाचा : या आर्थिक क्षेत्रात जायचं का यावर स्वित्झर्लंडच्या आधी मतदान घ्यायचं की नंतर, या तारखेवरून प्रिन्स आणि सरकार हमरीतुमरीवर आले. शेवटी मतदान नंतरच झालं. स्विस मतदार ‘नको’ म्हणाले आणि आठवड्याने लिश्टेनश्टाइन ‘हो’ म्हणालं. प्रिन्सचे अधिकार वाढवणाऱ्या २००३ च्या घटनादुरुस्तीला ६४ टक्के मतं पडली, तीही ‘नाकारलंत तर व्हिएन्नाला जातो’ अशी धमकी दिल्यावर. तिच्यावर अर्धे लोक ‘हुकूमशहा’ लिहितात. पण त्याच दुरुस्तीत जनतेने राजेशाही रद्द करण्याची रीत आणि गावांना देशातून फुटण्याचा हक्कही आहे. उरलेले अर्धे फक्त तेवढंच वाचून आरती ओवाळतात. दोघेही आळशी.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. ‘जगातले सर्वांत श्रीमंत राजे’ छापाच्या याद्या उघडूच नका. त्यात खासगी आणि दौलत यांची खिचडीच असते. यंत्राने केलेलं भाषांतर कायद्याच्या जर्मनला चालत नाही. घरचा कायदा मूळ मजकुरात, शब्दकोश शेजारी ठेवून वाचा. लिश्टेनश्टाइनचा ऐतिहासिक कोश ऑनलाइन आणि फुकट आहे, तिथून सुरुवात करा. मोठ्या नावाच्या गाईडमागेही धावू नका. माझ्या गाईडना सिद्धांत हवा होता, कागद नको होते; मला खरं शिकवलं ते संदर्भकक्षातल्या बाईंनी, तेही ‘ही फाइल इथे का नाही, विचार कर’ एवढ्या एका वाक्यात.

कारण अर्काइव्हही दोन आहेत. वाडुझचं राज्य अभिलेखागार सरकारी : ओळखपत्र दाखवा, बसा. घराण्याचं अभिलेखागार खासगी : विनंतीचं पत्र, विषयाचा आराखडा आणि भरपूर सबुरी लागते. नकार आला तर मनाला लावून घेऊ नका, खासगी आहे ते. या संग्रहाचा मोठा भाग युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेला होता. तो १९९० च्या दशकात परत मिळवताना हान्स-आडाम यांनी झारच्या कुटुंबाच्या हत्येचा तपास करणाऱ्या सोकोलोव्हची कागदपत्रं लिलावात विकत घेऊन रशियाला बदल्यात दिली. धंदेवाईक डोकं ते हेच.

वाडुझला रेल्वे जात नाही. स्वित्झर्लंडमधल्या झारगान्सला उतरा, अकरा नंबरची बस पकडा, आणि मुक्काम ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्शला ठेवा, खिसा वाचेल. जमलं तर १५ ऑगस्टला जा. त्यांचाही राष्ट्रीय दिन तोच, आणि किल्ल्यावर लोकांना बियर पाजतात.

विषय नवा राहिलाय का, असं घाबरून विचारणाऱ्यांना : हो, राहिलाय. चेक प्रजासत्ताकाने या देशाशी राजनैतिक संबंध जोडले ते २००९ मध्ये. दोन्हीकडच्या इतिहासकारांचा आयोग बसला, त्याचे खंड आलेत. आणि २०२० मध्ये लिश्टेनश्टाइनने १९४५ च्या जप्तीवरूनच चेक सरकारला स्ट्रासबुर्गमध्ये खेचलं, या वेळी देश म्हणून. मी आत्ता सुरुवात करत असते तर आधी चेक भाषेच्या वर्गात नाव घातलं असतं.