मेंदूचं म्हातारपण आणि डिमेन्शिया: वर्गात कसं शिकवावं

माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांना हा विषय शिकवायला दोन तासिका लागतात. आदल्या दिवशी मुलांना विषय सांगून ठेवा. एखाद्याच्या घरी आजी किंवा आजोबा डिमेन्शियाने ग्रासलेले असू शकतात. कुणालाही घरचं सांगायला लावू नका.

पहिली गाठ इथेच सोडवा: डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही, तो स्मरण आणि विचार ढासळण्याच्या लक्षणांचा समूह आहे. त्यामागे अल्झायमर सर्वाधिक आढळतो, साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत. वय वाढलं की विचारांचा वेग मंदावतो, नावं चटकन आठवत नाहीत, पण शब्दसंग्रह बराच काळ टिकतो. महिन्यापूर्वीच्या प्रवासातले तपशील विसरणं वेगळं आणि आपण प्रवासाला गेलो होतो हेच न आठवणं वेगळं. विसरभोळेपणामागे बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्यही असू शकतं आणि त्यावर उपचार होतात. हे आवर्जून सांगा.

वयामुळे होणारं विसरणं आणि आजारातलं विसरणं यांतला फरक प्रयोगातून चांगला कळतो. एकमेकांशी संबंध नसलेले १५ शब्द निवडा: छत्री, डोंगर, खिळा, पोपट असे. दर दोन सेकंदांना एक, एकसारख्या आवाजात वाचा. लगेच आठवतील तेवढे लिहायला सांगा आणि कागद गोळा करा. पुढची २० मिनिटं शिकवण्यात घालवा. वेळ रिकामा सोडलात तर मुलं मनात उजळणी करतात आणि प्रयोग बिघडतो. मग पुन्हा लिहून घ्या. शेवटी ३० शब्दांची यादी द्या, १५ जुने, १५ नवे, आणि जुन्यांवर खूण करायला सांगा. बरोबर खुणांमधून चुकीच्या खुणा वजा करा, नाहीतर सगळ्यांवरच खूण करणाऱ्याला पूर्ण गुण मिळतील.

आठवून लिहिण्यापेक्षा ओळखण्यात गुण जास्त पडतात, कारण शब्द मेंदूत साठलेला असतो, फक्त बाहेर येत नसतो. वार्धक्यात बव्हंशी हेच होतं. अल्झायमरमध्ये मात्र हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, आणि त्याला लागून असलेला भाग लवकर बिघडतो. नवी माहिती नीट साठतच नाही, म्हणून आठवण करून देऊनही फारसा उपयोग होत नाही. मुलं घरी जाऊन आजीवर हाच प्रयोग करतात आणि घाबरतात. निदान असं होत नाही, हे यादी वाटण्याआधीच बजावा.

दुसऱ्या तासिकेत संशोधन घ्या. ‘कोडी सोडवणाऱ्यांना डिमेन्शिया कमी होतो’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि उलटं असू शकेल का, विचारा. मेंदूतले बदल लक्षणांच्या १५-२० वर्षं आधी सुरू होतात, तेव्हा कोडी सुटणंच आधी थांबलं असेल. आजच्या विशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसांची तुलनाही फसवी असते, कारण दोघांचं शिक्षणच वेगळं असतं. यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं तपासावी लागतात. अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या ‘नन स्टडी’त ६७८ नन्स होत्या. त्यांतल्या काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर अल्झायमरच्या खुणा स्पष्ट दिसल्या, तरी हयातीत लक्षणं नव्हती. याचं कारण काय असेल, यावर मुलांना पुरेसा वेळ द्या, उत्तर लगेच पुरवू नका.

मग लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाचे आकडे द्या. ते अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, हटवतं. १८ महिन्यांत १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणाऱ्यांची घसरण १.२१ झाली, न घेणाऱ्यांची १.६६. टक्केवारी मुलांकडूनच काढून घ्या: फरक ०.४५, म्हणजे २७ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण जाहिरातीत कोणता छापला जाईल ते विचारा. मेंदूला सूज येणं आणि सूक्ष्म रक्तस्राव हे धोकेही याच हिशेबात मांडायला हवेत.