पन्नास मुलं, एकच घसा: फिलिपिन्समधल्या शिक्षकांनी वर्ग कसा सांभाळावा

मनिला आणि आसपासच्या शहरांतल्या कित्येक सरकारी शाळा खोल्यांअभावी दोन पाळ्यांत भरतात. सकाळची मुलं उठली की त्याच बाकांवर दुपारची येऊन बसतात. एका खोलीत चाळीस-पन्नास जण असणं नवलाचं नाही. प्रत्यक्ष शिकवणं दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नको, असं तिथला १९६६ चा शिक्षक कायदा सांगतो. २०२४ मध्ये शिक्षण खात्याने कारकुनी कामं शिक्षकांकडून काढून घेण्याचा आदेशही काढला. तरी बाईंचा घसा बसतोच. त्यावर उपाय म्हणजे आवाज कमी वापरून ठरलेल्या सवयींवर भिस्त ठेवणं. या सवयींचं बहुतेक सामान तिथल्या वर्गांत आधीपासूनच असतं.

१. पदांना काम द्या
वर्षाच्या सुरुवातीला वर्गात प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रेझरर निवडले जातात. मग त्यांची नावं भिंतीवरच्या तक्त्यात वर्षभर शोभेला राहतात. त्यापेक्षा सेक्रेटरीला गैरहजर मुलांची नावं टिपायला सांगा, म्हणजे तुमचं हजेरीपत्रक झटपट भरेल. वारांनुसार सफाईचे गट असतातच. दोन पाळ्यांच्या शाळेत त्यांना घंटेआधी पाच मिनिटं उठवा, नाहीतर पुढचा वर्ग दारात खोळंबतो.

२. नमस्कारातच शिस्त उरका
तुम्ही आत आलात की मुलं उभी राहून एका सुरात गुड मॉर्निंग म्हणतात. लगेच बसवू नका. पायाजवळचा कागद उचला, खुर्ची रांगेत घ्या, मग बसा. फळ्यावर एक प्रश्न आधीच लिहिलेला असावा.

३. कागदाचा गोंधळ मिटवा
हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण फिलिपिनो शिक्षकाला विचारा. ‘वन-फोर्थ शीट काढा’, म्हणजे पाव आकाराचा कागद काढा, म्हटलं की अर्धा वर्ग कागद मागत फिरतो आणि ज्याच्याकडे नवं पॅड आहे तो ते दप्तरात लपवतो. पाच प्रश्नांच्या चाचणीला दहा मिनिटं जातात. कोणत्या मापाचा कागद लागेल ते आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. एका बाजूने कोरे राहिलेले जुने कागद चौथाईत कापून खोक्यात ठेवा. ज्याच्याकडे नाही, त्याने न विचारता घ्यावा.

४. चिठ्ठीने नाव काढा
प्रत्येकाच्या नावाचं इंडेक्स कार्ड पिसायचं आणि वरचं उचलायचं, ही तिथली जुनी रीत. उत्तर झाल्यावर कार्ड पुन्हा गठ्ठ्यात घाला, नाहीतर सुटलेला दिवसभर निवांत. नाव काढण्याआधी शेजाऱ्याशी मिनिटभर बोलू द्या, तेही घरच्या भाषेत. सेबू बेटावरचं मूल तिथल्या सेबुआनो भाषेत बोलून घेतं, तेव्हा गणिताचं इंग्रजी उत्तर द्यायला त्याची जीभ कमी अडखळते.

५. गोंगाट करणाऱ्यांची यादी बंद करा
तुम्ही बाहेर गेलात की प्रेसिडेंट फळ्यावर ‘नॉइझी’ असं लिहून खाली नावं मांडतो. माझ्या मते ही पद्धत निरुपयोगी आहे. मित्रांची नावं पुसली जातात, नावडत्यांची राहतात आणि भांडण तुमच्याकडे येतं. त्याऐवजी टाळ्यांची एक ठरावीक लय ठेवा. तुम्ही वाजवली की वर्गाने तशीच परत वाजवायची आणि थांबायचं. ओरडून बोलू नका.

त्यानंतरही कोणी ऐकत नसेल तर त्याच्या बाकाजवळ जाऊन हळू आवाजात सांगा. चारचौघांत लाज काढलेलं मूल तिथे गप्प बसतं, सुधारत नाही. शिवाय शिक्षण खात्याच्या २०१२ च्या बालसंरक्षण धोरणाने मारण्यावरच नव्हे, खड्यांवर किंवा मिठावर गुडघे टेकवायला लावण्यावर आणि अपमान करण्यावरही बंदी घातली आहे.

६. बुडालेल्या दिवसांची तयारी
वादळाने किंवा उन्हाच्या कडाक्याने वर्ग रद्द होणं दरवर्षीचंच. सेक्रेटरीच्या वहीत रोज एक ओळ लिहून घ्या: पान कोणतं, गणित कितवं. शाळा उघडल्यावर पहिली दहा मिनिटं त्या ओळीवरून उजळणी घ्या आणि तिथूनच पुढे शिकवायला लागा.