पणजोबांचं कुटुंब शोधायचंय? सुरुवात इथून करा

आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि मूळ गाव, तालुका, कुलदैवत, भावकीतली नावं हे सगळं लिहून घ्या, कारण गाव कळल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही.

जनगणनेच्या नादी लागू नका. इंग्लंडमध्ये 1921 पर्यंतची घराघरातली नावं बघायला मिळतात, आपल्याकडे 1948 च्या कायद्याने ती माहिती गोपनीय आहे, बाहेर फक्त आकडे येतात.

खरा खजिना म्हणजे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून नक्कल मागायची. जुनी पानं मोडी लिपीत असतात, तेव्हा वाचणारा जाणकार सोबत घ्या. आणि बाळाचं नाव शोधत बसू नका, बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं मुलगा किंवा मुलगी एवढंच असतं, म्हणून बापाच्या नावाने सगळी वर्षं चाळा, भावंडं आपोआप सापडतात. जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून बघा, पण शाळेतली तारीख मास्तरांनी अंदाजे टाकलेली असू शकते बरं का!

लग्नाची सरकारी नोंद जुन्या काळी खेड्यात क्वचितच व्हायची. त्यामुळे पणजीचं माहेर शोधायला त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थपुरोहितांच्या वंशावळीच्या वह्या बघा, गाव-आडनाव सांगितलं की गुरुजी बाड काढतात. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांचं काम त्यामानाने सोपं, चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं असतात.