क्यूओ-100 साठी कन्व्हर्टर: आधी आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी) ठरवा

कतारच्या एसहेल-2 या भूस्थिर उपग्रहावर हौशी रेडिओचा क्यूओ-100 ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणारं यंत्र) आहे. नॅरोबँडसाठी (आवाज, मोर्स अशा अरुंद सिग्नलसाठी) 2400.0 ते 2400.5 मेगाहर्ट्झवर पाठवायचं आणि 10489.5 ते 10490.0 वर ऐकायचं. मुंबईतून डिशची दिशा साधारण 253 अंश, उंची 33 अंश.

ऐकणं स्वस्तात जमतं. क्रिस्टलला बांधलेला, म्हणजे पीएलएल असलेला केयू-बँड एलएनबी (डिशसमोरचा रिसीव्हर) घ्या, फ्रिक्वेन्सी सरकणारा जुना डीआरओवाला नको. 13 व्होल्ट दिले की उभं ध्रुवण मिळतं. 22 किलोहर्ट्झचा टोन देऊ नका, त्याने एलएनबी वरच्या बँडवर जातो. एलएनबीत 9750 वजा होऊन सिग्नल 739.5 च्या पुढे येतो, तो आरटीएल-एसडीआर (संगणकाला लावायचा रिसीव्हर डोंगल) थेट पकडतो. मध्ये बायस-टी (केबलवर वीज फक्त एलएनबीकडे सोडणारा जोड) हवाच, नाहीतर ते 13 व्होल्ट डोंगलमध्ये शिरतात. एलएनबीतला 25 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल 390 पट होतो, म्हणून 10 पीपीएमची (दहा लाखांत 10) चूक जवळजवळ 98 किलोहर्ट्झ दिसते. 10489.750 चा बीकन (उपग्रहावरचा कायमचा खुणेचा सिग्नल) शोधून तेवढी दुरुस्ती करा.

खरी डोकेदुखी अपकन्व्हर्टरची, म्हणजे रेडिओचा सिग्नल (आयएफ) मिक्सरमध्ये एलओ या स्थानिक ऑसिलेटरशी मिसळून 2400 वर चढवणाऱ्या भागाची. 28 मेगाहर्ट्झ आयएफ घेतला तर एलओ 2372 वर येतो, 2400 च्या इतका जवळ की साध्या फिल्टरला तो अडवता येत नाही. 144 ला एलओ 2256. 432 घेतलात तर एलओ 1968 आणि इमेज (एलओ वजा आयएफ, हा नको असलेला सिग्नल) 1536, दोन्ही लांब. सोय असेल तर 432 च घ्या.

1968 साठी एडीएफ4351 या फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपचा बोर्ड चालतो. वीज गेली की तो सेटिंग विसरतो, त्यामुळे दर वेळी ती भरायला मायक्रोकंट्रोलर लागतो. त्याचं लॉजिक 3.3 व्होल्टचं आहे; 5 व्होल्टचा आर्डुइनो सरळ जोडू नका.

मिक्सरला आयएफ -10 डीबीएमच द्या. रेडिओ 5 वॅटचा (+37 डीबीएम) असेल तर 47 डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लागेल, आणि त्याचा पहिला टप्पा पूर्ण 5 वॅट पचवणारा हवा. मिक्सरमध्ये 7 आणि फिल्टरमध्ये सुमारे 2 डीबी गेले की -19 उरतात. 5 वॅटपर्यंत जायला 56 डीबी गेन. स्वस्त वायफाय बूस्टर सिग्नल पाहून आपोआप चालू-बंद होतात आणि एसएसबीचे (आवाज पाठवायची पद्धत) शब्द तोडतात. असा असेल तर त्यातलं स्विचिंग कायमचं ट्रान्समिटवर बांधा.

75 सेमी डिशला 5 वॅट पुरतात. अपलिंकचं ध्रुवण उजवं वर्तुळाकार, पण डिशवर परावर्तन होताना ते उलटतं, म्हणून फीड (डिशसमोरचा अँटेना) डावं बांधा. आपला सिग्नल बीकनपेक्षा मोठा दिसला तर लगेच पॉवर कमी करा.