फायबर बॉडीखालची चॅसी : गंज नेमका कुठे लपतो आणि त्याला अडवायचं कसं

लोटस, टीव्हीआर, मॉर्गन, कॅटरहॅम, अशा थोड्याच संख्येने बनलेल्या स्पोर्ट्स कार्सची बॉडी बहुतेक वेळा फायबरची नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची असते, त्यामुळे वीस वर्षांनीही वरून चकाचक दिसतात आणि घेणारा तिथेच फसतो, कारण गाडीचा सगळा भार खालच्या लोखंडी चॅसीवर, म्हणजे सांगाड्यावर, असतो आणि ती चॅसी बॉडीनेच झाकलेली असते. साध्या गाडीला गंज लागला की दाराखाली पत्रा फुगतो, रंगाचे पोपडे निघतात, आपल्याला कळतं. इथे काहीच कळत नाही, म्हणून मुद्दाम खाली झोपून शोधावं लागतं.

आधी आपल्या गाडीची चॅसी कुठल्या पद्धतीची आहे ते समजून घ्या, कारण प्रत्येकीची खोड वेगळी. 1962 ची लोटस एलान घ्या. तिला मधोमध पत्रा वाकवून केलेला कणा आहे, बॅकबोन चॅसी म्हणतात ती. पुढचे हेडलॅम्प व्हॅक्यूमवर (हवा ओढून घेतल्याच्या जोरावर) वर-खाली होतात आणि त्या व्हॅक्यूमची टाकी वेगळी न देता पुढच्या क्रॉसमेंबरलाच, म्हणजे चॅसीच्या आडव्या दांड्यालाच, टाकी केलंय! किती हुशारीचं काम, पण तो क्रॉसमेंबर आतून गंजून बारीकसं भोक पडलं की व्हॅक्यूम टिकत नाही आणि दिवे नीट चालत नाहीत. म्हणजे अशा गाडीत दिव्यांनी त्रास दिला तर नळ्या बघाच, पण चॅसीही तपासा. सस्पेन्शनच्या पुढच्या उभ्या खांबांना तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती चिखलाने बुजली की आत डबकं साचतं.

टीव्हीआरच्या ग्रिफिथ आणि शिमेरा या 1990 च्या दशकातल्या गाड्यांची चॅसी पाइपांची, त्यावर पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी मारून भट्टीत भाजलेला रंग. कडेला जे पाइप बाहेर येतात, आउटरिगर, ते सगळ्यात आधी जातात. पावडर कोटिंग दिसायला कडक असतं पण दगड लागून एकदा तडकलं की पाणी त्याच्या खाली सरकत जातं आणि वरचा थर तसाच्या तसा दिसत राहतो. त्यात आउटरिगरच्या वरच्या बाजूला बॉडी टेकलेली, ती बाजू बॉडी उचलल्याशिवाय नीट दिसतच नाही. सीटबेल्टचे बोल्ट ज्या भागात धरलेत तिथे जराही शंका आली तर दुरुस्ती पुढे ढकलू नका.

डेलोरियन या गाडीचं तर वाईट वाटतं मला. बाहेरचे पत्रे स्टेनलेस स्टीलचे, आणि खाली साधं लोखंड, वर इपॉक्सीचा थर. इपॉक्सीला चीर गेली की आत तोच खेळ. मॉर्गनमध्ये बॉडीला अ‍ॅश लाकडाची फ्रेम असते, लाकूड ओलं राहिलं की त्याला टेकलेला पत्राही ओला राहतो. कॅटरहॅममध्ये लोखंडी पाइपांवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने मारलेत, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट पाणी, की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. पत्रा काढावा लागलाच तर परत बसवताना मध्ये जॉइंटिंग कंपाउंड (दोन धातू एकमेकांपासून वेगळे ठेवणारी पेस्ट) लावा, कोरडा धातू कोरड्या धातूवर ठेवू नका.

1996 ची लोटस एलिस या सगळ्यांपेक्षा वेगळी. तिची चॅसी अ‍ॅल्युमिनियमच्या एक्स्ट्रुजनची, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या लांब तुकड्यांची, इपॉक्सीने चिकटवलेली, वजन जेमतेम 68 किलो. तिच्यावर वेल्डिंग करू देऊ नका, उष्णतेने चिकटवण जातं आणि धातूची ताकदही. तिथे खरा गंज सस्पेन्शनच्या लोखंडी भागांना आणि बोल्टना लागतो, आणि गाडीच्या पोटाखालच्या झाकणावर, अंडरट्रेवर, साचलेली पानं-माती हा सगळा ओलावा धरून ठेवते, म्हणून वर्षातून एकदा ट्रे काढून साफ करा, कंटाळा येतो पण करा.

आता तपासणी. गाडी कंपनीने सांगितलेल्या जॅक पॉइंटवरच उचला, फायबरवर जॅक लावला तर बॉडीला तडा जातो, आणि नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच शिरू नका, स्टँड हवेतच. मग छोट्या हातोडीने पाइप ठोकत जा, चांगला पाइप टणटण वाजतो आणि सडलेला बद्द आवाज देतो. जिथे काळं जाड अंडरकोटिंग (गाडीच्या पोटाला मारतात तो संरक्षक थर) आहे तिथे जास्त ठोका. पाइपात आत बघायला मोबाइलला लागणारा स्वस्त एंडोस्कोप, म्हणजे लांब वायरीचा छोटा कॅमेरा, पुरतो. ब्रेक पाइपच्या क्लिपा चॅसीला भोक पाडून रिव्हेटने बसवलेल्या असतील तर पाणी आत शिरायची वाट तिथूनच असते. आणि एक, फायबर वीज वाहून नेत नाही, सगळं अर्थिंग चॅसीला जोडलेलं असतं, त्यामुळे इंडिकेटर वेड्यासारखे वागायला लागले तर अर्थच्या बोल्टखालचा गंज आधी बघा.

उपचाराचा क्रम चुकवू नका, मी एकदा चुकवलाय. घाईने ओलसर चॅसीवर काळं अंडरकोटिंग मारलं, दोन वर्षांनी ते सालीसारखं सोलून आलं आणि खाली लालभडक गंज, मीच झाकून वाढवलेला, फार वाईट वाटलं होतं. तर आधी कमी दाबाच्या पाण्याने मीठ आणि चिखल धुवा, मग बरेच दिवस वाळू द्या. मीठ लागलेली ओली गाडी गरम बंद गॅरेजमध्ये ठेवणं सगळ्यात वाईट, उबेने गंज आणखी पळतो, हवा खेळती हवी. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, उरलेल्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारं द्रव), मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. पाइप बोटाने दबत असेल तर रंगाचा विचार सोडा, तो कापून नवीन घालायचा आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सोडवायचा.

बॉडी कधी उतरवलीच तर हॉट डिप गॅल्वनायझिंगचा, म्हणजे चॅसी वितळलेल्या जस्तात बुडवण्याचा, विचार जरूर करा, आतबाहेर दोन्हीकडे जस्त बसतं. पण बाथ साधारण 450 अंश सेल्सिअसला असतो, बंद पाइपात ओलावा राहिला तर वाफेने पाइप फुटू शकतो, म्हणून हवेची भोकं आधी पाडून घ्यावी लागतात, आणि उष्णतेने चॅसी वाकूही शकते, तेव्हा सगळी मापं आधी लिहून ठेवा आणि नंतर परत घ्या.

बॉडी उतरवायची नसेल तर सगळ्यात जास्त फायदा कॅव्हिटी वॅक्सचा, म्हणजे पोकळ पाइपात आतून फवारायच्या मेणाचा. लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारा नोझल घ्या, नळी पाइपात शेवटपर्यंत सारा आणि फवारत फवारत मागे ओढा. डबा कोमट पाण्यात ठेवला की मेण पातळ होऊन सांध्यांत नीट शिरतं. एक्झॉस्ट, ब्रेक डिस्क आणि रबरी बुश झाकून घ्या. बाहेरून पारदर्शक मेण मारा, काळं नको, म्हणजे पुढच्या वर्षी खाली काय चाललंय ते दिसेल. दुसऱ्या दिवशी मेण ओघळून थांबलं की बारीक तार घेऊन पाणी जायची सगळी भोकं एक एक करून मोकळी करा, नाहीतर आपण लावलेल्या मेणानेच ती बुजतात.