प्लगिन फाइल लिहीत नाही? ७७७ देण्याआधी या चुका टाळा

प्लगिन अपडेट करायला गेलं की फोल्डर तयार करता येत नसल्याचा एरर येतो. कॅशेचं प्लगिन फोल्डर रायटेबल नसल्याची तक्रार करतं, नाहीतर काल नीट चालणारं वर्डप्रेस आज अचानक एफटीपीचा पासवर्ड मागू लागतं. यावर मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: फोल्डरला ७७७ परमिशन द्या, म्हणजे मालक, ग्रुप आणि इतर अशा तिघांनाही सगळी मोकळीक. कृपया देऊ नका. नीट बंदोबस्त केलेल्या सर्व्हरवर या उपायाचा बहुतेक वेळा उपयोग होत नाही, आणि झाला तर धोका वाढतो.

७७७ दिलं की सर्व्हरवरच्या प्रत्येक युजरला त्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची आणि पुसायची मोकळीक मिळते. त्या प्रत्येकात शेजारच्या हॅक झालेल्या साइटची पीएचपी प्रोसेसही येऊ शकते. शिवाय सूपीएचपी किंवा सूएक्झेक (स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावाने चालवणारी साधनं) वापरणारे सर्व्हर ग्रुपला किंवा इतरांना लिहिता येणारी स्क्रिप्ट चालवायलाच नकार देतात. तिथे एका प्लगिनसाठी सगळीकडे ७७७ लावलं तर पानापानावर ५०० एरर दिसू लागतो. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या कॉन्फिग फाइलला ६४० किंवा ६०० हे नेहमीचे आकडे आहेत. ते जागेवर असतील तर आकड्यांशी खेळणं थांबवा, कारण गडबड दुसरीकडे आहे.

आधी विचारा: लिहितंय कोण?

फाइल प्लगिन लिहीत नाही. पीएचपी ज्या युजरच्या नावाने चालतं तो युजर लिहितो. डेबियन आणि उबंटूवर तो सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असतो, रेड हॅटच्या कुळात 'अपाचे'. इथे एक फसगत नेहमी होते. रेड हॅटवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर वापरत असलात तरी पीएचपी-एफपीएमचा (पीएचपी चालवणाऱ्या सेवेचा) मूळ पूल, म्हणजे प्रोसेसचा गट, 'अपाचे' युजरच्याच नावाने चालतो. लोक फोल्डरची मालकी 'एनजिनएक्स'ला देतात आणि फरक का पडत नाही म्हणून डोकं धरून बसतात. तेव्हा अंदाज नको. पूलच्या कॉन्फिग फाइलमध्ये युजरची ओळ वाचा.

मग प्लगिनच्या फोल्डरमध्ये 'एलएस -एल' चालवा आणि तिसरा रकाना बघा, तो मालकाचा. बऱ्याचदा चित्र असं दिसतं: वीस-पंचवीस फोल्डर एका युजरचे आणि मधेच एक 'रूट'चं, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी युजरचं. कुणीतरी रूट म्हणून शिरून प्लगिन टाकलेलं असतं, किंवा रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांतून) एखादी स्क्रिप्ट चालत असते. रूट म्हणून चालवलं की डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसचं कमांड-लाइन साधन) स्वतःच अडवतं आणि 'अलाऊ-रूट' लिहिल्याशिवाय पुढे जात नाही, ते याचसाठी. तो पर्याय घाईत टाइप करू नका, साइटच्या मालक युजरच्या नावाने कमांड चालवा.

इथेच आणखी एक गैरसमज अडचणीत आणतो. फाइल पुसण्याचा हक्क त्या फाइलच्या परमिशनवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरच्या परमिशनवर ठरतो. अपडेट म्हणजे जुनं फोल्डर काढून नवं ठेवणं. त्यामुळे आतल्या सगळ्या फाइल ६६६ केल्या तरी फोल्डर रूटचं आणि ७५५ असेल, तर जुनं प्लगिन हलवता येणार नाही. तिथे फक्त त्या फोल्डरची मालकी आतल्या फाइलींसकट बदला, काम होतं.

वर्डप्रेस एफटीपीचा पासवर्ड मागतं तेही याच कारणाने. वर्डप्रेस एक तात्पुरती फाइल लिहून बघतं आणि तिचा मालक वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींच्या मालकाशी जुळतो का ते तपासतं. जुळला नाही तर थेट लिहिणं टाळतं. कॉन्फिगमध्ये 'एफएस मेथड' ला 'डायरेक्ट' लिहून हा प्रश्न दाबता येतो, पण मालकीचा घोळ तसाच राहतो आणि नव्या फाइल भलत्याच युजरच्या नावावर जमू लागतात. ग्रुपच्या परमिशन विचार करून लावल्या असतील, सर्व्हर तुमचा एकट्याचा असेल, तर 'डायरेक्ट' चालेल. शेअर्ड होस्टिंगवर आधी मालकी सरळ करा.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे अख्खी साइट वेब सर्व्हरच्या युजरच्या नावावर करून मोकळं होणं. एरर जातात खरे, पण आता कुठल्याही एका प्लगिनमधलं भोक वर्डप्रेसची मूळ फाइलसुद्धा बदलू शकतं. माझं मत स्पष्ट आहे: कोड एका वेगळ्या युजरचा असावा, पीएचपीला लिहायला फक्त अपलोड्स, कॅशे आणि तशी मोजकी फोल्डर मिळावीत, आणि अपलोड्समध्ये पीएचपी चालणार नाही अशी सोय वेब सर्व्हरमध्ये करावी. डॅशबोर्डवरून अपडेट हवेच असतील तर प्लगिनचं फोल्डरही उघडावं लागतं, आणि 'अपग्रेड' तसंच 'अपग्रेड-टेम्प-बॅकअप' ही फोल्डरही. हे दुसरं फोल्डर वर्डप्रेस ६.३ पासून आलं. जुनं प्लगिन आधी तिथे हलवलं जातं, म्हणजे अपडेट फसला तर ते परत आणता येतं. बाकी सगळं बरोबर असून फक्त अपडेट अडत असेल तर तिथली मालकी बघा. दोन युजर एकाच फोल्डरमध्ये लिहीत असतील तर दोघांना एका ग्रुपमध्ये घ्या आणि फोल्डरला २७७५ द्या. पुढचा तो २ नव्या फाइलींना फोल्डरचाच ग्रुप लावतो. यूमास्क (नव्या फाइलींना कोणत्या परमिशन द्यायच्या नाहीत ते ठरवणारा आकडा) ००२ ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर ग्रुप बरोबर लागूनही लिहिता येत नाही.

परमिशन बरोबर, तरीही नकार

एक चाचणी सगळ्यात जास्त वेळ वाचवते. सुडो वापरून पीएचपीच्याच युजरच्या नावाने त्या फोल्डरमध्ये 'टच' कमांडने एक रिकामी फाइल तयार करा. झाली नाही, तर मालकी-परमिशनचा प्रश्न आहे. वरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत जायची परवानगी आहे का, हे 'नेमआय -एल' एका नजरेत दाखवतं. साइट युजरच्या होम फोल्डरमध्ये असेल तर ही अडचण हमखास येते, कारण उबंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० असतात.

फाइल तयार झाली आणि पीएचपीला मात्र तेच जमत नसेल, तर नकार परमिशनच्या वरच्या एखाद्या सुरक्षा-थरातून येतोय. तुमच्या टर्मिनलवर ते थर लागू होत नाहीत, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं.

रेड हॅट, रॉकी, अल्मा, फेडोरावर पहिला संशय एसईलिनक्सवर घ्या. कोणत्या प्रोसेसने कुठे लिहायचं हे तो पहारा लेबलं बघून ठरवतो. ऑडिट लॉगमध्ये 'एव्हीसी' शोधा, ती त्याच्या नकारांची खूण. नकाराच्या ओळीत तीन गोष्टी वाचायच्या. कंसात 'राइट' किंवा 'अ‍ॅड_नेम' लिहिलेलं असेल, ती नाकारलेली कृती. 'एससीकॉन्टेक्स्ट'मध्ये 'एचटीटीपीडी_टी' असेल, तो लिहू पाहणारा. 'टीकॉन्टेक्स्ट'मध्ये 'एचटीटीपीडी_सिस_कॉन्टेंट_टी' असेल, तर ते फोल्डरचं लेबल, आणि त्याचा अर्थ फक्त वाचण्यासाठी. लिहायचं असेल तर लेबल 'एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कॉन्टेंट_टी' हवं.

हे लेबल 'सीएचकॉन'ने लावलं की लगेच चालतं, आणि लोक तिथेच थांबतात. पुढे कधीतरी कुणी 'रिस्टोरकॉन' चालवतं, लेबल मूळपदावर जातं आणि प्लगिन पुन्हा बंद पडतं. तेव्हा नियम 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने नोंदवा आणि मग 'रिस्टोरकॉन' चालवा. झिप होम फोल्डरमध्ये उघडून 'एमव्ही'ने साइटमध्ये हलवली तर होमचं लेबल सोबत येतं. 'सीपी'ने केलेली प्रत मात्र नव्या जागेचं लेबल घेते.

एसईलिनक्स कायमचं बंद करू नका. खात्रीसाठी मिनिटभर परमिसिव्ह मोड (नकार फक्त नोंदवणारा, न अडवणारा) लावून बघणं ठीक आहे. पूर्ण बंद ठेवलं तर त्या काळात बनलेल्या फाइलींना लेबलच लागत नाही, आणि परत चालू करताना सगळ्या डिस्कवर लेबलं नव्याने लावावी लागतात. उबंटूवर हाच पहारा अ‍ॅपआर्मर करतं.

बाकीचे संशयित एररच्या शब्दांवरूनच सापडतात, म्हणून एरर अर्धा वाचू नका. 'ओपन बेसडिर'चा उल्लेख असेल तर पीएचपीला ठरवून दिलेल्या फोल्डरांबाहेर जायला मनाई आहे. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' आलं तर डिस्कच्या बिघाडामुळे कर्नलने ती फक्त वाचनासाठी ठेवली असेल, किंवा सिस्टमडीच्या (सर्व्हरवरच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिस फाइलमध्ये 'प्रोटेक्टसिस्टम' लावलेलं असेल. 'नो स्पेस लेफ्ट' आलं आणि डिस्कवर जागा दिसत असेल तर 'डीएफ -आय' करा, कॅशेच्या बारीक फाइलींनी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या मोजक्या नोंदी, संपवलेले असतात. रूटलाही 'ऑपरेशन नॉट परमिटेड' मिळालं तर 'एलएसएटीटीआर' चालवून 'आय' हे अक्षर दिसतं का बघा. कुणीतरी ती फाइल मुद्दाम कुलूपबंद केलेली असते, आणि उघडण्याआधी त्या माणसाला विचारणं बरं.

डॉकरसारख्या कंटेनरमध्ये युजरची नावं बघू नका, त्यांचे आकडे (यूआयडी) बघा. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' डेबियनच्या इमेजमध्ये ३३ असतो, अल्पाइनच्या ८२. इमेज बदलली आणि व्हॉल्यूम जुनाच राहिला, की सगळ्या फाइली परक्या होतात.

प्लगिन जोडण्याचा पर्यायच डॅशबोर्डवरून गायब असेल तर कॉन्फिगमध्ये 'डिसअलाऊ फाइल मॉड्स' (डॅशबोर्डवरून फाइल बदलायला बंदी) शोधा. बरेच होस्ट ते जाणूनबुजून लावतात. अशा वेळी, किंवा सर्व्हर तुमच्या हातात नसेल तेव्हा, सपोर्टला 'परमिशन द्या' एवढंच लिहू नका. फोल्डरचा पूर्ण पत्ता, एररची अख्खी ओळ, ती आली ती वेळ आणि कोणतं प्लगिन काय लिहू पाहत होतं, एवढं पाठवा. त्यांना लॉगमधली नेमकी ओळ तेवढ्यावरून काढता येते.