किशोरवयीन मुलांना श्राव्य पुस्तकांची गोडी कशी लावावी?

पहिले पुस्तक मुलालाच निवडू द्यावे, मग ती भयकथा असली तरी हरकत नाही. निवेदकाचा आवाज पटला नाही, तर कथा कितीही चांगली असली तरी मुले ती अर्ध्यावर सोडतात, म्हणून आधी नमुना अवश्य ऐकवावा. बोरिवली ते चर्चगेट हा धीम्या लोकलचा तासाभराचा प्रवास मला यासाठी सर्वांत योग्य वाटतो. मात्र गाडीत नेटवर्क तुटते, तेव्हा दोन-तीन प्रकरणे आदल्या रात्रीच घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवावीत. चढताना-उतरताना इअरफोन काढायलाच हवेत, हे निक्षून सांगावे. ‘काय समजले?’ अशी उलटतपासणी मात्र घेऊ नये. माझी मुलगी एकदा दादरला उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर तशीच बसून राहिली, कारण प्रकरणाची शेवटची ५ मिनिटे उरली होती.